कायदेसल्ला : हुकूमनाम्याचे हप्ते थकले आणि वसुलीवाले दारात आले

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच अडचणीभोवतीची आहेत. न्यायालयाचा पैसे भरण्याचा हुकूमनामा झालेला आहे, भरणा थांबलेला आहे आणि दारात माणसे येऊ लागली आहेत. पत्रलेखकांची ओळख उघड होईल असा तपशील गाळून ही पत्रे थोडक्यात दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील चुका अनेकांच्या हातून होतात आणि त्यांची किंमत फार मोठी असते.

प्रश्न : वकीलताई, सादर नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे शिवणकामाचे आणि कापडाचे दुकान आहे. दुकानासाठी एका खासगी वित्त कंपनीकडून घेतलेले कर्ज थकले. कंपनीने माझ्यावर दिवाणी दावा लावला आणि न्यायालयात तडजोड होऊन ४,८०,००० रुपये दरमहा १२,००० रुपयांच्या हप्त्यांनी फेडावेत, असा हुकूमनामा झाला. लागोपाठ दोन हप्ते चुकल्यास उरलेली सर्व रक्कम व्याजासह एकदम वसूल करता येईल, अशी अट त्यात आहे. चौदा हप्ते मी वेळेवर भरले. मग आईच्या शस्त्रक्रियेचा खर्च आला आणि तीन हप्ते चुकले. आता दोन माणसे दुकानात आणि रात्री नऊ वाजता घरी येतात. आम्ही कोर्टातून आलो आहोत, दुकानाला सील लावू, पत्नीचे मंगळसूत्र उतरवून घेऊ, दोघांनाही तुरुंगात टाकू, असे ते म्हणतात. घाबरून मी एकदा ८,००० रुपये रोख दिले, त्याची पावती मिळाली नाही. दुसऱ्यांदा १२,००० रुपये त्यांच्यातील एकाच्या मोबाईल क्रमांकावर पाठवले. या गोष्टींना अजून महिना झालेला नाही. एक नातेवाईक सांगतात की दुकान मेहुण्याच्या नावावर करून टाक. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात मुदतीचा प्रश्न दडलेला असल्यामुळे उत्तराचा तेवढा भाग आपल्याला दूरध्वनीवरून आधीच कळवला आहे. तो इतर वाचकांसाठी येथे सविस्तर देते आणि सुरुवातही त्यापासूनच करते.

हुकूमनाम्याची रक्कम कशी फेडायची, हे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २१ च्या पहिल्या नियमात ठरवून दिलेले आहे. रक्कम न्यायालयात जमा करता येते किंवा न्यायालयाबाहेर थेट हुकूमनामाधारकाला, म्हणजे ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्याला, देता येते. मात्र बाहेर दिलेली रक्कम मनिऑर्डरने, बँकेमार्फत किंवा लेखी पुरावा राहील अशा अन्य रीतीने दिलेली असावी लागते. त्यापुढचा दुसरा नियम अधिक कडक आहे. न्यायालयाबाहेर दिलेल्या पैशाची नोंद न्यायालयात झाली नाही, तर हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणारे न्यायालय ती रक्कम विचारातच घेत नाही. आपण पैसे खरोखर दिलेले असले, शेजाऱ्यांनी ते देताना पाहिलेले असले, तरी अंमलबजावणीच्या हिशोबात ते शून्य धरले जातात. नोंद करून देण्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्याची आहे. त्याने ती पाळली नाही तर आपण स्वतः अर्ज करू शकतो, पण त्यासाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२५ प्रमाणे पैसे दिल्यापासून फक्त ३० दिवस मिळतात आणि झालेला उशीर माफ करण्याची सोय या अर्जाला नाही. शिवाय आपल्या अर्जावरून नोंद व्हायची तर रक्कम वर सांगितलेल्या रीतीने दिलेली असावी, कागदोपत्री पुरावा असावा किंवा समोरच्याने ती मान्य करावी, अशी अट आहे.

म्हणूनच १२,००० रुपये पाठवल्याचा मोबाईलवरील तपशील आणि बँकेचा खातेउतारा जोडून तातडीने अर्ज करावा, असे आपल्याला सांगितले. ते पैसे कंपनीच्या खात्यावर न जाता माणसाच्या खात्यावर गेले असल्याने कंपनी हात झटकण्याचा प्रयत्न करू शकेल. पण निदान रक्कम, तारीख आणि घेणारा यांचा कागद आपल्या हाती आहे. रोख ८,००० रुपयांचे तसे नाही. त्यासाठी कंपनीला नोंदणीसह स्पीड पोस्टाने पत्र लिहून त्या दोघांची नावे, भेटीची तारीख व वेळ नमूद करावी आणि आजवरच्या सर्व भरण्याचा हिशोब मागावा. कंपनीने ही रक्कम लेखी मान्य केली तर मार्ग मोकळा होतो. नाही केली तर ते पैसे गेले असे समजण्याची तयारी ठेवावी लागेल. हे लिहिताना मला वाईट वाटते, परंतु खोटा दिलासा देणे त्याहून वाईट ठरेल. आपले पहिले चौदा हप्ते बँकेमार्फत गेलेले असल्यास त्यांचेही खातेउतारे काढून एका जागी लावून ठेवावेत. कंपनी दरखास्त दाखल करील तेव्हा येणे रकमेचा तक्ता तीच मांडणार आहे आणि तो तपासण्याचे साधन आपल्याजवळ असले पाहिजे.

आता ती दोन माणसे कोण, हे पाहू. हुकूमनामा मिळाला म्हणजे कंपनीच्या माणसांना आपल्या घरात शिरून वस्तू उचलण्याचा अधिकार मिळाला, असे मुळीच नाही. कंपनीला त्यासाठी पुन्हा न्यायालयात जाऊन अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. आपल्याकडच्या न्यायालयांत त्याला दरखास्त म्हणतात. दरखास्तीवर न्यायालयाने वॉरंट काढले, तर ते घेऊन न्यायालयाचा बेलीफ येतो. त्या वॉरंटवर दरखास्तीचा क्रमांक, न्यायालयाचा शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि ते कोणत्या तारखेपर्यंत बजावायचे हे लिहिलेले असते. बेलीफ आला तर त्याला अडवू नये, वॉरंट वाचायला मागावे आणि जप्त वस्तूंच्या यादीची नक्कल घ्यावी. पण संहितेच्या कलम ६२ प्रमाणे जप्तीसाठी बेलीफालाही सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. रात्री नऊ वाजता तोंडी धमक्या देत आलेली माणसे न्यायालयाची नसणार, हे एवढ्यावरूनच कळते. बहुधा ते कंपनीने नेमलेले वसुली एजंट असावेत आणि न्यायालयाची माणसे असल्याची बतावणी करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तरीही दरखास्त दाखल झाली आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तेथे चौकशी करावी किंवा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपले नाव घालून शोधावे. हुकूमनामा होऊन दोन वर्षे उलटली असतील तर दरखास्तीची नोटीस आपल्याला द्यावीच लागते. त्याआधी दरखास्त आली असल्यास जंगम मालमत्तेच्या जप्तीचे वॉरंट नोटिसीशिवायही निघू शकते. त्यामुळे नोटीस आलेली नाही म्हणजे काही घडलेले नाही, असे समजून स्वस्थ बसू नये. नोटीस आली तर ती घ्यावी. पोस्टमन परत पाठवला की प्रकरण थांबते, ही समजूत गावोगाव आहे आणि तिने अनेकांचे नुकसान केले आहे. नोटीस नाकारली तरी ती बजावली गेल्याचे न्यायालय धरू शकते आणि मग आपल्या पाठीमागे हुकूम होतो.

काय जप्त होऊ शकते, याचे उत्तर कलम ६० मध्ये आहे. आपले, पत्नीचे व मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला जे दागिने अंगावेगळे करता येत नाहीत तेही सोडलेले आहेत. तेव्हा मंगळसूत्र उतरवण्याची धमकी ही निव्वळ धमकी आहे. कारागिराची हत्यारे व साधने जप्त होत नाहीत, म्हणून ज्या शिलाई यंत्रावर आपण स्वतः बसून काम करता ते सुरक्षित आहे. मजुरीने माणसे लावून चालवलेल्या यंत्रांविषयी मात्र वाद होऊ शकतो. विक्रीसाठी ठेवलेले कापडाचे गठ्ठे, दुकानातील गल्ला, दुचाकी, बँकेतील शिल्लक या गोष्टी जप्त होऊ शकतात. राहत्या घराला सरसकट संरक्षण नाही. शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांच्या स्वतःच्या राहत्या घरापुरतेच ते आहे, आणि आपण दुकानदार असल्याने त्यावर विसंबू नये.

तुरुंगाच्या भीतीनेच लोक अशा माणसांच्या हाती पैसे ठेवतात, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिते. पैशाच्या हुकूमनाम्यात कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही. कलम ५६ त्याबाबत निःसंदिग्ध आहे. आपली पत्नी सहकर्जदार असली तरी हे लागू आहे. पुरुषाला दिवाणी तुरुंगात ठेवता येते, पण आधी कारणे दाखवण्याची संधी देऊन आणि तो पळून जाण्याची शक्यता आहे, त्याने मालमत्ता अप्रामाणिकपणे दुसऱ्याकडे वळवली आहे किंवा ऐपत असूनही तो पैसे देत नाही, यांपैकी एखाद्या कारणाची खात्री पटल्याचे न्यायालयाने लेखी नोंदवल्यावरच. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने हे पक्के झाले की पैसे न देणे एवढेच कारण तुरुंगासाठी पुरत नाही, त्यामागे खोटेपणा किंवा मुद्दाम टाळाटाळ दिसली पाहिजे. ५,००० रुपयांहून मोठ्या रकमेसाठी ही कैद जास्तीत जास्त तीन महिन्यांची असते. ती भोगल्याने कर्ज मात्र फिटत नाही.

आता आपल्या नातेवाईकांचा सल्ला याच कसोटीवर तपासा. आज आपण एक अडचणीत सापडलेले, चौदा हप्ते प्रामाणिकपणे भरलेले ऋणको आहात. दुकान मेहुण्याच्या नावावर केलेत की मालमत्ता अप्रामाणिकपणे वळवलेले ऋणको व्हाल. म्हणजे जे कारण आज कंपनीजवळ नाही ते आपणच तिच्या हाती द्याल, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली तो व्यवहार रद्द करून घेण्याचा मार्ग तिला मोकळा राहीलच. आपुलकीने दिलेला असला तरी हा सल्ला ऐकू नये.

लागोपाठ दोन हप्ते चुकल्याने उरलेली सगळी रक्कम आज येणे झाली आहे, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागेल. ही अट तडजोडीची असल्याने आपण ती सहीने स्वीकारलेली आहे आणि अंमलबजावणी करणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जात नाही, म्हणजे तो योग्य होता की नाही हे पुन्हा तपासत नाही. तडजोड लिहिली जात असताना पक्षकाराचे लक्ष फक्त हप्त्याच्या रकमेवर असते आणि चुकल्यास काय, ही ओळ न वाचताच सही होते. त्या ओळीत एखाद्या महिन्याची सवलत मागून घेण्याची खरी वेळ तीच असते. आता आदेश २० नियम ११ प्रमाणे न्यायालय हप्ते पुन्हा बांधून देऊ शकते, पण हुकूमनामा झाल्यानंतर त्याला हुकूमनामाधारकाची संमती लागते. ती मिळण्याची शक्यता लोकअदालतीत सर्वाधिक असते, म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण तेथे ठेवण्याची विनंती करावी. जाताना रुग्णालयाची बिले, दुकानाची वही आणि झेपेल असा ठाम आकडा घेऊन जावे. दोन महिन्यांत सगळे देतो असे म्हणून पुन्हा चुकण्यापेक्षा दरमहा ८,००० रुपये देतो असे सांगून ते देत राहणे अधिक चांगले. जे ठरेल ते लेखी स्वरूपात न्यायालयाच्या नोंदीवर यावे. कंपनीच्या अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दावर हप्ता कमी करून भरू लागणे म्हणजे पुन्हा थकबाकी वाढवणे होय.

बोलणी चालू असताना जेवढे जमेल तेवढे पैसे न्यायालयात जमा करत राहावेत आणि त्याची नोटीस कंपनीला द्यावी. जमा केलेल्या रकमेवरचे व्याज त्या नोटिसीच्या बजावणीपासून थांबते. शिवाय ऐपतीप्रमाणे देण्याची तयारी असल्याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

एजंटांच्या वागणुकीविषयी वेगळी तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने बँका व वित्त कंपन्यांना बजावले आहे की थकबाकीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये, घरच्यांच्या व मित्रांच्या खासगीपणात ढवळाढवळ करू नये. एजंटाने केलेल्या कृत्याला कंपनी जबाबदार असते. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ते पुन्हा रात्री आले तर दार न उघडता ओळखपत्र व नेमणुकीचे पत्र मागावे, आणि धमक्या चालू राहिल्यास पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. मात्र तक्रार केली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवाव्यात.

प्रश्न : मी सांगलीतील एका कारखान्यात लिपिक आहे. मित्राच्या बँकेच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. तो परगावी निघून गेला, हुकूमनामा दोघांवर झाला आणि १९ महिन्यांपासून माझ्या ३१,००० रुपये पगारातून दरमहा १५,५०० रुपये कापले जात आहेत. आधी मित्राकडून वसूल करा, असे मी म्हणू शकत नाही का?

उत्तर : दुर्दैवाने म्हणता येत नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या बरोबरीची असते आणि कोणाकडून आधी वसूल करायचे हे धनको ठरवतो. आपण भरलेली रक्कम मित्राकडून वसूल करण्याचा हक्क मात्र आपल्याला आहे, म्हणून कपातीच्या नोंदी असलेल्या पगारपावत्या जपून ठेवाव्यात.

कपातीचा आकडा मात्र मला चुकीचा दिसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यांत पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त आहे. आपल्या ३१,००० रुपयांतून १,००० वगळता राहतात ३०,०००. त्याचा एक तृतीयांश म्हणजे १०,००० रुपये एवढीच कपात होऊ शकते. दरमहा ५,५०० रुपये जास्त जात असल्याचे दाखवून दरखास्तीत लगेच अर्ज द्यावा आणि त्याची प्रत कारखान्याच्या लेखा विभागाला द्यावी. त्याआधी, न्यायालयाच्या आदेशाबाहेर आपणच एखाद्या संमतिपत्रावर सही केलेली नाही ना, हेही तपासावे, कारण मग प्रश्न वेगळा होतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. एकाच हुकूमनाम्यासाठी पगाराची जप्ती सलग किंवा तुटक मिळून एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मुक्त होतो. आपले पाच महिने उरले आहेत. लेखा विभागाकडून कपात आपोआप थांबेल असे गृहीत न धरता चोविसाव्या महिन्यात अर्ज तयार ठेवावा. कर्ज त्यानंतरही शिल्लक राहील आणि बँक आपल्या इतर मालमत्तेकडे वळू शकेल.

हे सारे न्यायालयाच्या हुकूमनाम्याला लागू आहे. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांचे प्रकरण अनेकदा न्यायालयात न जाता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखल्यावर चालते. त्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, करायचा तर वसुलीपात्र रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. त्यामुळे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांची पहिली नोटीस येईल तेव्हाच हजर राहून आपले म्हणणे मांडणे फार महत्त्वाचे आहे.

प्रश्न : ताई, माझे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांच्यावर न्यायालयाचा ३,४०,००० रुपयांचा हुकूमनामा होता. मी नाशिकजवळ अंगणवाडीत मदतनीस आहे. वसुलीवाले म्हणतात, नवरा गेला तरी कर्ज तुलाच फेडावे लागेल, विम्याचे पैसे आले आहेत ते दे. मुले शाळेत आहेत. विम्याचे पैसे मला द्यावे लागतील का?

उत्तर : नाही. ज्या कर्जावर आपली सही नाही आणि ज्या हुकूमनाम्यात आपले नाव नाही, त्यासाठी आपला पगार, आपले स्त्रीधन किंवा आपण कमावलेली कोणतीही वस्तू कोणी घेऊ शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे मृताच्या वारसांविरुद्ध दरखास्त चालवता येते, पण त्यांची जबाबदारी मृताची जी मालमत्ता त्यांच्या हाती आली असेल तेवढ्यापुरतीच असते. यजमानांच्या नावावर जमीन, घराचा हिस्सा किंवा बँकेत शिल्लक असेल तर तिच्यातून वसुली होऊ शकते. काहीच नसेल तर आपल्याकडून वसूल करण्यासारखेही काही नाही. ऋणकोच्या स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम कलम ६० मध्ये जप्तीतून मुक्त ठेवलेली आहे आणि भविष्य निर्वाह निधीचेही तसेच आहे.

एका बाबतीत फार सावध राहावे. ही माणसे एखाद्या कागदावर, 'नुसती भेटीची नोंद आहे' असे सांगून, सही मागतील. कर्ज मी फेडीन असे त्यावर लिहिलेले असू शकते आणि मग आजवर नसलेल्या जबाबदारीचा वाद आपल्या अंगावर येईल. कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये आणि थोडेसे पैसे देऊन त्यांना वाटेला लावण्याचाही मोह टाळावा. न्यायालयाची नोटीस आली तर मात्र त्या तारखेला जरूर हजर राहावे. यजमानांच्या मागे काय मालमत्ता आहे आणि काय नाही, हे तेथे प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागेल.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करावा किंवा नाशिक जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. जाताना मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, विम्याच्या रकमेचे पत्र आणि यजमानांच्या कपाटात सापडतील ते न्यायालयाचे सगळे कागद, बिनमहत्त्वाचे वाटणारेही, बरोबर न्यावेत.